चित्रलिपीचा भ्रम आणि ‘वेन’ची साक्ष

चिनी लिपीचा विषय निघाला की मराठी समीक्षेतील चर्चा हमखास एका ठरावीक वळणावर येते. चिनी अक्षर म्हणजे कल्पनेचे चित्र. ध्वनीच्या मध्यस्थीवाचून ते थेट वस्तू दाखवते. म्हणून चिनी कविता जन्मतःच प्रतिमावादी असते, असा हा युक्तिवाद. चर्चासत्रांतून तो आदराने ऐकला जातो आणि पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतून निष्ठेने उतरवला जातो. हा युक्तिवाद चुकीचा आहे एवढेच म्हणून भागणार नाही. तो आपल्या आळसाला सिद्धान्ताची प्रतिष्ठा देतो, ही माझी खरी तक्रार आहे.

त्याचे उगमस्थान चीन नाही. अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या मृत्यूनंतर त्यांचा चिनी लिपिचिन्हांवरील निबंध एझरा पाउंड यांनी 1919 मध्ये प्रसिद्ध केला. पूर्व दिशेच्या चिन्हात झाडाच्या फांद्यांत अडकलेला सूर्य दिसतो, हे त्यातील गाजलेले उदाहरण. प्राचीन अस्थिलेखांचा अभ्यास केलेल्या विद्वानांचा निर्वाळा वेगळा आहे: ते चिन्ह मुळात दोन्ही टोकांना बांधलेल्या थैलीचे असून केवळ उच्चारसाम्यामुळे दिशेसाठी उसने घेतले गेले. पुढे देरिदा यांनी 1967 मध्ये फेनोलोसा-पाउंड यांच्या या काव्यविचारात पाश्चात्त्य ध्वनिकेंद्री परंपरेला गेलेला पहिला तडा पाहिला, आणि आपल्याकडे त्या विधानावर शिक्कामोर्तब झाले. पाश्चात्त्य विचारव्यूहावर टीका करण्यासाठी पाश्चात्त्यांनीच कल्पिलेला चीन आपण वापरतो, हे मात्र कोणाला खटकत नाही. चिनी काव्याचे अभ्यासक जेम्स लिऊ यांनी 1962 मध्येच या समजुतीचे खंडन केले होते.

या समजुतीची परीक्षा तिच्याच मैदानात, एका चिन्हाच्या आधारे घेता येते. साहित्यविचाराशी सर्वांत जवळचे चिन्ह ‘वेन’ हे आहे. वर एक टिंब, त्याखाली आडवी रेघ, तिच्याखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरक्या रेघा. सुमारे 3200 वर्षांपूर्वीच्या शांगकालीन अस्थिलेखांत ते रुंद छातीच्या उभ्या माणसासारखे दिसते. छातीवर कधी फुली, कधी दुसरी एखादी खूण. अनेक अभ्यासक हे गोंदण मानतात. पण त्या लेखांत हे चिन्ह प्रामुख्याने पूर्वजांच्या गौरवपर नामांत येते, गोंदणाच्या वर्णनात नव्हे. म्हणजे हाती लागलेल्या सर्वांत जुन्या वापरातच चित्र आणि अर्थ यांची फारकत झालेली आहे. इसवी सन 100 मध्ये श्यू शन यांनी आपला कोश सिद्ध केला, तेव्हा त्यांनी ‘वेन’ची फोड एकमेकींना छेदणाऱ्या रेषा अशी केली. त्यांच्यासमोर अस्थिलेख नव्हते. समोरच्या आकृतीतून त्यांनी मूळ अर्थ वाचला. सूर्य आणि झाड ही फोडही त्यांच्या कोशात आहे. तेव्हा चित्रवाचनाचा मोह केवळ परक्यांचा नाही. चिन्हाच्या पोटात सत्य दडलेले असते असे मानणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

आता याच ‘वेन’च्या डावीकडे कीटकाचे चिन्ह जोडावे. चित्रवाद्यांच्या न्यायाने वाङ्मयप्रेमी किडा किंवा निदान नक्षीदार भुंगा मिळायला हवा. मिळतो तो डास. त्याचाही उच्चार ‘वेन’ आहे, आणि उजव्या बाजूचा ‘वेन’ केवळ तो उच्चार सुचवण्यासाठी तेथे बसला आहे. चिनी लिपीतील बहुसंख्य चिन्हे अशीच घडली आहेत: एक भाग अर्थाचा प्रदेश सुचवतो, दुसरा ध्वनी. ज्या लिपीचा मुख्य सांधा ध्वनीवर उभा आहे, तिला ध्वनिमुक्त ठरवून आपण तिच्यावर काव्यशास्त्र रचतो.

चीनबाहेर पडल्यावर हे चिन्ह आणखी बोलके होते. जपानीत त्याचे ‘बुन’ आणि ‘मोन’ हे उच्चार चिनीतून आले. देशी वाचनात ते ‘फुमी’ म्हणजे पत्र वा लेखन, आणि ‘आया’ म्हणजे वेलबुट्टी, असे दोन वेगळे शब्द वागवते. व्याकरणात ‘बुन’ म्हणजे वाक्य. ‘मोन’ हे मेजी काळाच्या आरंभापर्यंत तांब्याच्या नाण्याचे एकक होते, आणि पायमोजांचे मापही. आजच्या जपानी नकाशावर हेच चिन्ह शाळा दाखवते. कोरियात त्याचा उच्चार ‘मुन’. 1446 मध्ये जाहीर झालेल्या देशी लिपीला विद्वान वर्ग पुढे तुच्छतेने ‘ओनमुन’, म्हणजे गावंढळ लेखन, म्हणत राहिला. आज कोरियन मजकूर जवळजवळ संपूर्णपणे त्याच लिपीत छापला जातो, आणि तेथे ‘मुन’ हे अक्षर दारही होते, प्रश्नही आणि लेखनही; कोणते ते संदर्भ ठरवतो. व्हिएतनाममध्ये 1919 च्या अखेरच्या राजदरबारी परीक्षेबरोबर चिनी चिन्हांवर उभी असलेली विद्याव्यवस्था संपली आणि रोमन लिपी रूढ झाली. तरी ‘वान’ हा शब्द तेथील साहित्यवाचक संज्ञेत आहे, हनोईतील 1070 मध्ये स्थापन झालेल्या विद्यामंदिराच्या नावात आहे, आणि असंख्य पुरुषांच्या मधल्या नावातही आहे. चित्र गेले, अर्थ राहिला. अर्थ चित्रात वसत असता तर कोरियन आणि व्हिएतनामी साहित्यविचार एका पिढीत मुके व्हायला हवे होते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. इसवी सन 500 च्या सुमारास लिऊ श्ये यांनी आपल्या काव्यशास्त्रीय ग्रंथात आकाशातील ज्योती, पृथ्वीवरील रूपे, वाघाच्या अंगावरील पट्टे आणि मानवी लेखन यांना एकाच ‘वेन’च्या सूत्रात ओवले. मग नक्षी आणि साहित्य यांचे नाते चिनी परंपरेनेच मान्य केले नाही काय? मान्य केले, पण ते एका माणसाने केलेले प्रतिपादन आहे. शब्दसौंदर्याला विश्वरचनेचा आधार मिळवून देणे ही त्याची वाङ्मयीन गरज होती, आणि तिच्यासाठी त्याने अनेकार्थी शब्दाचा कुशल उपयोग केला. हे प्रतिपादन लिपीचा स्वाभाविक गुण म्हणून वाचले की लिऊ श्ये यांच्याकडून त्यांचा सिद्धान्त काढून घेतला जातो. चिनी माणूस विचार करत नाही, तो फक्त चित्र पाहतो, हा निष्कर्ष मग फार दूर राहत नाही.

‘वेन’चा खरा इतिहास संघर्षाचा आहे. कन्फ्यूशिअसच्या संवादांत ‘वेनश्वे’ म्हणजे ग्रंथविद्या. मेजी जपानने त्याच दोन चिन्हांवर, ‘बुनगाकु’ या उच्चारात, युरोपीय ‘लिटरेचर’चा अर्थ लादला. नात्सुमे सोसेकी 1900 ते 1902 या काळात लंडनमध्ये राहून आले आणि 1907 च्या आपल्या ‘बुनगाकुरोन’च्या प्रस्तावनेत त्यांनी कबुली दिली, की चिनी ग्रंथांतून कळलेले साहित्य आणि इंग्रजीतील साहित्य ही एका व्याख्येत मावणारी गोष्ट नव्हे, इंग्रजी साहित्याने आपली फसवणूक केल्याची भावनाही त्यांनी लपवली नाही. चिन्हे तीच होती, आणि एवढा जाणता वाचक त्यांच्यातल्या दरीत सापडला. तोच नवा अर्थ चीनमध्ये परतला, आणि 1917 मध्ये हू श् आणि चेन तूश्यू यांनी ‘वेनश्वे’च्याच नावाने ‘वेनयेन’ या अभिजात लेखनभाषेविरुद्ध बंड पुकारले.

हा अनुभव आपल्याला परका वाटू नये. ‘सहित’ या पदापासून ‘साहित्य’ची व्युत्पत्ती सांगून शब्दार्थांच्या सहभावाचे तत्त्व उभे करायचे, आणि तेच मराठी वाङ्मयाचे सनातन लक्षण मानायचे, ही आपली वर्गातली रीत आहे. याच शब्दाने आपण स्वयंपाकाचे साहित्य काढतो आणि बांधकामाचे साहित्य मोजतो, तेव्हा ते तत्त्व कोठे जाते? एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाच्या दबावाखाली ‘साहित्य’ आणि ‘वाङ्मय’ या शब्दांचे काय झाले, लावणी, कीर्तन, बखर यांना त्यांच्या कक्षेत कोणी घेतले आणि कोणी रोखले, हा प्रश्न व्युत्पत्ती सांगून सुटत नाही. तो झाकला जातो. सोसेकींना निदान आपली फसवणूक कळली होती.

तेव्हा विद्यार्थ्यांना चिनी चिन्हातील सूर्य आणि झाड दाखवण्यापूर्वी डास दाखवावा, ही विनंती. त्यांना हसू येईल. त्या हशानंतर ‘साहित्य’ या शब्दाकडे त्यांनी पुन्हा पाहिले, तर समीक्षेचा पहिला पाठ झाला असे मी समजेन.