निवेदनावर सही करण्याआधी

तालुक्यात काही भयंकर घडलं की दोन दिवसांत मोर्चा निघतो, आणि तहसीलदारांना द्यायच्या निवेदनात पहिली मागणी असते: आरोपींना फाशी द्या. असा कागद तुमच्यापुढेही येईल. सही करण्याआधी महाराष्ट्रातला एक खटला माहीत असू द्या.

जून २००३. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जीव गेले, अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले आणि सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्या मागे कुणी गेलंच नाही. सुटलेल्यांना प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. त्यांची सोळा वर्षं गेली, आणि पाच जणांना मारणारे मोकळेच राहिले. ही दुसरी गोष्ट मला जास्त सलते.

फाशी मागणाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही. ज्यांची लेक गेली त्यांच्या ओसरीवर बसून क्षमेच्या गोष्टी सांगायची माझी तरी छाती नाही. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबची बंदूक तर साऱ्या जगाने फोटोत पाहिली होती. तिथे माणूस चुकल्याची शंका नव्हती. पण कायदा काही एकट्या कसाबसाठी नसतो. त्या सहा जणांच्या खटल्यातही न्यायाधीशांची खात्रीच पटली होती. १९८० पासून ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ गुन्ह्यालाच फाशी, असा दंडक आहे. असा गुन्हा कुठला, हे खंडपीठागणिक बदलतं.

धाक बसतो म्हणावं, तर जन्मठेपेपेक्षा फाशीने जास्त धाक बसतो याचा पुरावा नाही, असं विधी आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं आणि दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. बाबासाहेबांनीही १९४९ मध्ये संविधान सभेत फाशी रद्द करण्याकडेच आपला कल सांगितला होता. शिवाय फाशी सुनावली म्हणजे विषय संपला, असंही नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फाशी कायम केली. दयेचा अर्ज फेटाळायला २०१४ उजाडलं, आणि या दिरंगाईपायी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली.

मग निवेदनात काय लिहायचं? घटनास्थळावरचे नमुने प्रयोगशाळेत कधी पोचले, ते विचारा. साक्षीदारांना संरक्षण मागा. अत्याचाराचा गुन्हा असेल तर पीडितेला मनोधैर्य योजनेची मदत मिळाली का, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बघा. आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असा ठराव वकील संघाने केला तर टाळ्या वाजवू नका. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आणि बचाव लंगडा राहिला की तोच खटला वर गेल्यावर उसवतो.

आणि पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर अंग काढून घेऊ नका. कोऱ्या किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर मात्र सही करू नका. पुढे कोर्टाचं समन्स येईल तेव्हा रजा टाकून जा, आणि जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.