आडनाव विचारले म्हणून नोकरी सोडू नकोस



गेल्या आठवड्यात एका मातेचे पत्र आले. त्या दवाखान्यात आयाचे काम करतात. मुलगी पत्रकारितेची पदविका घेऊन एका वृत्तवाहिनीत उमेदवारीवर लागली, तेव्हा त्यांनी वस्तीत पेढे वाटले. आज तीन महिने झाले आणि मुलगी म्हणते, "आई, मला उद्यापासून जायचे नाही." कारण काय? पहिल्याच दिवशी आडनाव विचारले. बैठकीत 'पाणी' म्हणताना तोंडून 'पानी' निघाले, तर दोघेजण हसले. तिने सुचविलेली बातमी दुसऱ्याच्या नावावर गेली. माता विचारतात, "ताई, तिच्यासाठी दुसरे काही बघू का?"

ताई, तुमच्या लेकीला हे चार शब्द वाचून दाखवा.

मुली, जिथे तू बसली आहेस तिथे आपली माणसे किती आहेत, ठाऊक आहे? 2019 साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी देशातील वृत्तपत्रे, वाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळे तपासली. निर्णय घेणाऱ्या 121 पदांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीचे एकही माणूस नव्हते. म्हणजे तुला तिथे परके वाटते, तो तुझा दोष नाही. ती खोली आजवर तुझ्याविना भरलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पण लेखणी आपल्याला नवीन नाही. 1855 साली पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्या काळच्या एका नामांकित पत्राने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब थांबले नाहीत. 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता', 1956 साली 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्याने जागा दिली नाही म्हणून त्यांनी लिहिणे सोडले नाही.

आजचे उदाहरण हवे असेल तर उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्याकडे बघ. 2002 साली तिथे 'खबर लहरिया' हे बुंदेली भाषेतील पत्र सुरू झाले. चालविणाऱ्या गावातल्याच बायका, त्यांत दलित भगिनी पुष्कळ. काहींचे शिक्षण बेताचेच. बातमी आणायची त्यांनी, लिहायची त्यांनी आणि अंक गावोगाव नेऊन विकायचाही त्यांनीच. पुढे त्यांनी हातात मोबाईल घेऊन चित्रफिती काढायला सुरुवात केली. त्यांच्या कामावरचा माहितीपट 2022 साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. ज्या बोलीला लोक हसतात, त्याच बोलीमुळे गावातली बाई त्यांच्यापाशी मन मोकळे करते. तुझ्या 'पानी'ला हसणाऱ्यांना वस्तीतल्या नळाच्या रांगेत उभे केले, तर त्यांना तिथे कोणी चार वाक्ये तरी सांगेल का?

तरी प्रमाणभाषा शीक. लाज वाटते म्हणून नव्हे, तर ते एक हत्यार आहे म्हणून शीक. रोज पहाटे एक बातमी मोठ्याने वाच आणि मोबाईलवर आवाज घेऊन ऐक. महिन्याभरात फरक कळेल. घरची बोली मात्र टाकू नकोस.

आता कामाच्या गोष्टी. आत्मविश्वास आरशापुढे उभे राहून येत नाही, तो तयारीतून येतो. बैठकीला जाताना दोन बातम्या लिहून ने. तोंडी सांगितलेली बातमी दुसऱ्याची होते, म्हणून आधी वरिष्ठांना दोन ओळींत लिहून पाठव. तारीख-वेळ राहते. छापून आलेल्या, दाखविलेल्या प्रत्येक कामाची फाईल ठेव. पुढची नोकरी आणि पगारवाढ मागताना ही फाईलच तुझ्या बाजूने बोलेल.

तुला फक्त चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला कॅमेरा देतील. ते काम मन लावून कर, पण अर्थसंकल्प, न्यायालय, शेअर बाजार हेही मागून घे. आपल्या मुलींनी केवळ आपल्याच दुःखाचे वार्तांकन करावे, असा कुठे नियम आहे?

नाव, आकडा, तारीख दोनदा तपास. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. पत्रकाराने ते पाळले तर तिला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही. चूक झालीच तर लगेच कबूल कर आणि दुरुस्त कर.

आडनाव विचारले तर शांतपणे पूर्ण नाव सांग आणि कामाचे बोल. सगळ्यांशी भांडत बसू नकोस, पण जातीवरून कोणी अपमान केला तर दिवस, वेळ, शब्द, साक्षीदार वहीत टिपून ठेव. लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवीच, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. उमेदवारीवरील मुलीलाही तक्रारीचा हक्क आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

आणि ताई, आता तुमच्याशी. मुलगी रात्री अकराला घरी आली तर शेजारच्यांच्या आधी तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा. तिच्या भावाला ताट वाढून ठेवायला सांगा. "काय शिजवलेस?" ऐवजी "आज काय छापलेस?" असे एकदा विचारून बघा.

तिथे खरोखर छळ होत असेल, पगार बुडवीत असतील, तर नोकरी सोडण्यात कमीपणा नाही. फाईल काखेत मारून दुसरीकडे जावे. पण कोणी हसले म्हणून उठू नये. मुली, तू उठलीस की ती खुर्ची परत त्यांचीच होते. तू बसून राहिलीस, तर पुढच्या वर्षी आपल्याच वस्तीतली दुसरी मुलगी येईल आणि तिला आडनाव विचारण्याआधी लोक तुझे काम आठवतील.

उद्या सकाळी डबा घे आणि कामाला जा. काय झाले ते मला कळव.

जयभीम.