टपालाने मत : कोणासाठी आणि कुठवर?

निवडणूक जवळ आली की गावोगाव एक प्रश्न हटकून ऐकू येतो. पासपोर्ट टपालाने येतो, नोकरीची नेमणूक टपालाने येते, बँकेचे कागद टपालाने येतात. मग मत तेवढे टपालाने का जाऊ नये? ज्या घरचा मुलगा बोटीवर आहे, जावई आखातात आहे आणि आजीला उंबरठा ओलांडवत नाही, त्या घराने असे विचारावे यात नवल नाही. आमच्या पुष्कळ वाचकांची घरे अशीच आहेत. म्हणून टपाली मतदान सरसकट साऱ्या देशात सुरू करावे की नाही, याचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

टपाली मतपत्रिका आपल्या देशात नवी नव्हे. सीमेवरील सैनिकाला ती फार पूर्वीपासून मिळत आली आहे. २०१६ पासून ती त्याच्याकडे संगणकाद्वारे जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत धाडतो. मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती पोचली तरच मोजली जाते. २०१९ साली नियम बदलून वृद्धांना व अपंगांना घरबसल्या मत देण्याची मुभा मिळाली. वयाची अट आरंभी ऐंशी वर्षांची होती. २०२४ साली ती पंच्याऐंशी झाली. अपंगत्व शेकडा चाळीस किंवा अधिक असावे लागते. या सोयीलाही टपाली मतदान म्हणतात खरे, पण येथे पोस्टमन येत नाही. मतदान अधिकारी स्वतः घरी येतात, सोबत पोलीस व चित्रण करणारा माणूस असतो, आणि खूण केलेली मतपत्रिका ते तेथेच बंद करून घेऊन जातात.

या सोयीचे मोल एका उदाहरणाने कळेल. हिमाचलातील कल्पा गावचे शिक्षक श्याम सरन नेगी यांनी १९५१ च्या ऑक्टोबरात, बर्फ पडण्यापूर्वी, मत दिले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचा लौकिक झाला. पुढे प्रत्येक निवडणुकीस ते केंद्रावर जाऊन मत देत. वयाची शंभरी ओलांडल्यावर प्रकृती ढासळली, तेव्हा २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांनी घरूनच टपाली मत दिले आणि ५ नोव्हेंबरला देह ठेवला. ही सोय नसती तर त्यांचे अखेरचे मत राहूनच गेले असते.

मग जे नेगींना दिले ते सर्वांनाच का देऊ नये? या बाजूचे लोक अमेरिकेकडे बोट दाखवितात. तेथील ओरेगन राज्याच्या मतदारांनी १९९८ साली कौल दिला आणि २००० सालची अध्यक्षीय निवडणूक त्या राज्यात सर्वस्वी टपाली मतपत्रिकांवर पार पडली. प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका जाते. परत आलेल्या पाकिटावरील सही दप्तरातील सहीशी ताडून पाहतात. पुढे आणखी काही राज्यांनी तीच वाट धरली. २०२० साली, महामारीच्या दिवसांत, त्या देशातील शंभरांपैकी सुमारे त्रेचाळीस मतदारांनी अशा रीतीने मत दिले. शेतकऱ्याची मजुरी बुडत नाही, आजाऱ्याचे हाल होत नाहीत, उमेदवारांची माहिती वाचून सावकाश निर्णय घेता येतो. हे लाभ खरे आहेत. ते नाकारणे न्यायाचे होणार नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फ्रान्सने सर्वसाधारण मतदारांचे टपाली मतदान गैरप्रकारांमुळे १९७५ साली बंद केले. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या नवव्या मतदारसंघात २०१८ साली एका राजकीय दलालाची माणसे घरोघर जाऊन मतपत्रिका गोळा करीत होती, असे चौकशीत उघड झाले. निकाल रद्द ठरून २०१९ साली पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. त्या मतपत्रिका पोस्टमनने चोरल्या नव्हत्या. मतदारांनीच, दारात उभ्या राहिलेल्या माणसावर विश्वास ठेवून, त्या हाती दिल्या होत्या.

या प्रश्नाचे मर्म येथे आहे असे आम्ही समजतो. टपाल वेळेवर पोचेल की नाही ही चिंता दुय्यम होय. ती सुधारता येते. मुख्य प्रश्न पडद्याचा आहे. मतदान केंद्रातील तो पुठ्ठ्याचा आडोसा दिसावयास क्षुल्लक, पण गरिबाचे सारे स्वातंत्र्य त्याच्या मागे उभे असते. तेथे मालक येत नाही, सावकार येत नाही, नवराही येत नाही. ज्याने नोटा वाटल्या त्यालाही आपला माल मिळाला की नाही हे कधीच कळत नाही. कायद्याने तर न्यायालयातसुद्धा कोणास, आपण कोणाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती करता येत नाही.

मतपत्रिका घरात आली की तो आडोसा गळून पडतो. ‘आण इकडे, मी भरून देतो’ असे म्हणणारा कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतो, आणि पुष्कळदा तो घरातच असतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगून स्वतःचे नाव देण्याचे त्यांनी वा त्यांच्या घरच्यांनी नाकारले. ज्या देशाने स्त्रीचे मत तिच्या स्वतःच्या नावावर चढविण्यासाठी इतका आग्रह धरला, त्याने ते पुन्हा कुटुंबप्रमुखाच्या मेजावर ठेवावे काय?

निवडणूक आयोगालाही ही भीती वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी टपाली मतपत्रिका बरेच दिवस स्वतःजवळ बाळगीत. त्यातून दडपण व लालूच यांस वाव मिळतो असे दिसल्यावर २०२३ साली नियम बदलला, आणि आता त्यांनी नेमलेल्या सुविधा केंद्रातच मत द्यावे असे ठरले. शिकल्यासवरल्या नोकरदारांची ही कथा, तर कर्जात बुडालेल्या मजुराची काय असेल?

म्हणून आमचे मत असे : टपाली मतदान सरसकट करू नये, पण जो खरोखर केंद्रावर येऊच शकत नाही, त्याला ते नाकारूही नये. ज्या देशात मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये म्हणून सुमारे साडेदहा लाख केंद्रे उघडली जातात, तेथे गावात असलेल्याला टपालाची गरज सहसा पडत नाही. गरज आहे ती दूर गेलेल्यांना. परदेशातील भारतीय नागरिकाला २०१० च्या दुरुस्तीने यादीत नाव नोंदविण्याचा हक्क मिळाला. पण मत देण्यास त्याने पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर यावे अशी अट आहे. प्रतिनिधीकरवी मत देऊ देणारे विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले आणि २०१९ साली लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. व्यापारी बोटीवरील आमच्या तारवटी बांधवांना तर सैनिकाची सोयही नाही. वकिलातीत किंवा बोटीवर एक आडोसा उभारून, जबाबदार अधिकाऱ्यासमक्ष पाकीट बंद करून घेतले, तर दूरत्वही मिटेल आणि गुप्तताही राहील. ही मागणी आपण आपल्या खासदारांपाशी अवश्य करावी.

तोवर जे हाती आहे ते तरी वाया जाऊ देऊ नये. घरात पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा असतील वा अपंग भाऊ असेल, तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत ‘नमुना १२ ड’ हा अर्ज भरून द्यावा लागतो. तो गावच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मागावा. आणि अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी आले की, वाचकहो, एवढे एक करावे : आजीच्या हाती लेखणी द्यावी, दिवा नीट लावून द्यावा आणि आपण सर्वांनी खोलीबाहेर जावे. त्या दिवशी तिचा पडदा आपणच व्हावयाचे असते.