गोळ्यांच्या नावानं शिमगा

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. उदगीरकर नातेवाईक हे वाचतात, ते रागावले तरी चालेल.

आमच्या खानदानात एकाला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. "बाहेरचं हाय" एवढंच. परवा कळलं, त्याच्या गोळ्या बंद केल्या. का? तर "गोळ्यांनीच हात थरथरायलेत, तोंड सारखं हलायलंय." वर चार शहाण्यांनी पारावर बसून माना डोलावल्या!

आता ऐका. या आजारावरचं पहिलं औषध १९५२ साली आलं. त्याआधी, १८७४ मध्येच, कालबाउम या जर्मन डॉक्टरने तासन् तास एकाच स्थितीत ताठ राहणाऱ्या मनोरुग्णांचं वर्णन करून ठेवलंय. त्या रुग्णांनी कुठल्या गोळ्या खाल्ल्या होत्या?

जर्मनी लांब वाटत असेल तर तमिळनाडू घ्या. स्कॉटलंडचे डॉ. मॅक्रिडी आणि चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या डॉ. थारा यांनी तिथे जन्मात कधी गोळी न घेतलेले रुग्ण तपासले. १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. तोंडाच्या, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली गोळी न घेणाऱ्यांत ३८ टक्के, घेणाऱ्यांत ४१ टक्के. जवळजवळ सारख्याच! ताठरपणा-थरथर मात्र २४ आणि ३६. म्हणजे गोळ्या अगदीच निर्दोष नाहीत, हेही खरं. पण त्यासाठी डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात. मनानं बंद करायच्या नसतात हो! बंद केल्या की आजार उलटून येतो, आणि मग धावाधाव आमचीच.

अजून एक गंमत (गंमत कसली म्हणा). टेबलावर आधी मूठ, मग तळहाताची कड, मग पालथा पंजा, असं भराभर करत राहायचं. अनेक रुग्णांचा क्रम चुकतो. त्यांच्या धडधाकट सख्ख्या भावंडांची अशा चाचण्यांतली चूक सरासरीने रुग्णांपेक्षा कमी, पण चारचौघांपेक्षा थोडी जास्त निघते. म्हणजे मुळात मेंदूच्या जडणघडणीतच काहीतरी आहे, आणि ते रक्तातून थोडंफार येतं. मग "आईनं लाडावून ठेवलं म्हणून झालं" हे गेली किती वर्षं त्या माउलीला का ऐकवताय? आणि भगताला दिलेली कोंबडी कशासाठी?

"रक्तातून" म्हटलं की लगेच दुसरी मंडळी सरसावतील, त्याच्या बहिणीचं लग्न जमू नये म्हणून. त्यांनाही सांगतो. आईबापांपैकी एकाला हा आजार असला तरी शंभरातल्या साधारण नव्वद लेकरांना तो होत नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला की दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्या वेळा तर होतच नाही.

तेव्हा पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत कोंडणं आधी बंद करा. बहिणीला बघायला येतील त्यांना सरळ सांगा, भाऊ आजारी आहे, औषध चालू आहे. आणि ते चालू करा.