आज्ञा एक, तर उत्तरही एकच हवे

कालची तारीख काढायची आहे. लिनक्सवर ‘डेट’ या आज्ञेला ‘-डी’ हा पर्याय देऊन ‘यस्टरडे’ म्हटले की काम होते. मॅकवर ती ओळ चालत नाही. तिथे ‘-व्ही’ लावून एक दिवस वजा करावा लागतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर नुसते ‘डेट’ लिहिले, तर आजची तारीख दाखवून तो उलट नवी तारीख मागतो. नाव एक, तऱ्हा तीन! तरीही लिनक्सवरची ग्नूची ही अवजारे सर्व प्रणालींवर चालावीत म्हणून रस्ट भाषेत नव्याने लिहिणाऱ्या ‘युयुटिल्स’ प्रकल्पाला काही जाणकार नसती उठाठेव म्हणतात.

ते म्हणतात, विंडोजवर डब्ल्यूएसएल आहे, मॅकवर अशी अवजारे बसवून देणारे होमब्रू आहे. मग अडते कुठे? पण डब्ल्यूएसएल वापरणे म्हणजे एका आज्ञेसाठी विंडोजच्या पोटात अख्खे लिनक्स बसवणे. होमब्रू ग्नूची ‘डेट’ देते ती ‘जीडेट’ या नावाने. म्हणजे स्क्रिप्टमध्ये किंवा पाथमध्ये फेरफार करणे आलेच.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: वर्षानुवर्षे पारखलेले टाकून नवे लिहिले की नवे दोष येणारच. ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटू २५.१० ने ही रस्टमधली अवजारे डीफॉल्ट म्हणून दिली. त्यातली ‘डेट -आर’ ही आज्ञा फाईल शेवटची केव्हा बदलली हे सांगण्याऐवजी चालू वेळ सांगत होती. परिणामी काही संगणकांवर अपडेट आपोआप तपासले जाईनात. ही चूक गंभीरच होती. पण तिने सिद्ध केले ते एवढेच, की चाचण्या अपुऱ्या होत्या. पुनर्लेखन व्यर्थ आहे, हे त्यातून निघत नाही. दोष सापडला आणि दुरुस्तही झाला. जुन्या अवजारांनीही विश्वास असाच, चुका सुधारत कमावला आहे.

मुळात लिनक्स आणि मॅकमधला हा घोळ मानकाच्या तोकडेपणातून आला. पॉझिक्स या मानकात ‘डेट’चा ‘-डी’ पर्यायच नाही. ती उणीव ज्याने त्याने आपापल्या परीने भरली. युयुटिल्सची शिस्त म्हणूनच मोलाची आहे. ग्नूपेक्षा वेगळे उत्तर आले की तो दोष मानायचा, ग्नूच्याच चाचण्यांवर स्वतःला तपासायचे आणि तोच कोड लिनक्स, मॅक, विंडोजसाठी बांधायचा.

वितरकांनी घाई करू नये, हे मान्य. ग्नूच्या चाचण्यांत नवी अवजारे पूर्ण उतरल्याशिवाय जुनी अवजारे हलवू नयेत. पण पुनर्लेखन थांबता कामा नये. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपल्या कामाचा विचार करावा. स्क्रिप्ट कोणत्या यंत्रावर चालणार, याची चिंता अवजारांनी वाहावी.