जुन्या गाडीची वायरिंग बदलली तर ‘व्हिंटेज’ नोंदणी अडते का?

‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव 1974 पासूनचं. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडलीय. अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाच्या वाड्यात, शेडमध्ये आजोबांची अशी गाडी उभी असेल, तर ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येऊ शकते. पण आतली जुनी वायरिंग ठेवायची की बदलायची?

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये हे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

या यादीत वायरिंगचं नाव नाही. तरी ‘मूळ रूप’ ही अट आहेच. म्हणून वायरिंग बदला, पण गाडीचं रूप बदलू नका.

बदलायची कशासाठी?

जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. उघडी तार बॉडीला टेकली की शॉर्ट. त्या काळी फ्यूज मोजकेच असायचे. ज्या वायरला फ्यूज नाही ती तापत जाते आणि पेटते. शेजारीच पेट्रोलची नळी असते, हे विसरू नका.

गणित सोपं आहे. 55 वॉटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर ओढतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपसारख्या 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच उजेडाला 18 अँपिअर लागतात. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमधली उष्णता चौपट होते!

काय करून घ्याल?

• काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा, जुन्या जोडण्यांचे फोटो घ्या.
• प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज. फ्यूज वायरला वाचवतो, त्यामुळे तो वायरच्या जाडीनुसार निवडा.
• हेडलाइटला रिले लावा. मूळ स्विच तसाच राहतो, जास्तीचा करंट त्यातून जात नाही.
• अर्थिंगची पट्टी नवी घाला.
• मोबाइल चार्जर लावण्याआधी पोलॅरिटी तपासा. 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असे. चार्जर उलटा जोडला तर जळणारच.
• बॉडीला नवं भोक पाडू नका. जुना हार्नेस जपून ठेवा, तो मूळ रूपाचा पुरावा आहे.

शहरातल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची चिलखती गाडी आहे. अशा जागेवर उभ्या गाडीत मूळ वायर असली तरी चालतं. नगर-मनमाड रस्त्यावर रॅलीला निघणाऱ्या गाडीत मात्र माणसं बसलेली असतात. तिथे आधी सुरक्षा, मग हौस.