रबराचा सरडा

आमच्या घरात गेली तीस वर्षे एक वाद मिटलेला नाही. तो दागिन्यांचा नाही, माहेरच्या माणसांचा नाही; तो आहे गॉडझिलाचा. आमच्या मते पडद्यावर आजवर जे थोर नायक होऊन गेले, त्यांत त्याची गणना केली पाहिजे. मंडळींच्या मते तो रबराचा सरडा. 'पुठ्ठ्याची घरे पाडतो आणि समुद्रात निघून जातो, यात बघायचे काय?' हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, उत्तर देणे केव्हाच सोडून दिले.

खरे सांगावयाचे तर यात मंडळींची चूक नाही. लग्नानंतर आम्ही हौसेने त्यांना जो पहिला चित्रपट दाखविला, तो १९७३ सालचा 'गॉडझिला विरुद्ध मेगॅलॉन'. त्यात आमचा नायक शेपटीवर घसरत घसरत येतो आणि शत्रूला दोन्ही पायांनी लाथ हाणतो. अशा प्राण्याबद्दल घरात आदर उत्पन्न व्हावा कसा?

वास्तविक दाखवावयास हवा होता तो मूळचा, १९५४ सालचा. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब उडविला. तो अंदाजाच्या अडीच पट मोठा निघाला. धोक्याची म्हणून जी हद्द जाहीर केली होती, तिच्या बाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी राख पडत राहिली. बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. आणि ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला. त्यात सर्वांत आधी काय होते, ठाऊक आहे? एक जहाज पेट घेऊन बुडते. ते पाहताना त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला काय वाटले असेल, हे निराळे सांगावयास नको. रबराच्या त्या शंभरेक किलोंच्या पोशाखात हारुओ नाकाजिमा हा नट घामाने निथळत उभा होता, हे खरे. पण पोशाखाच्या आत नट होता तशी कथेच्या आत राखही होती. पुढे पोशाख राहिला आणि राख उडून गेली, हेच आमचे जुने दुःख.

म्हणून 'गॉडझिला मायनस वन' येणार असे वाचले तेव्हा आम्ही फारशी आशा धरली नव्हती. ॲनिमेशनपट वगळले तर तोहो कंपनीचा हा तिसावा जपानी गॉडझिलापट. जपानात तो ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे मूळ चित्रपटाच्या तिथीलाच लागला. आमच्या घरी तो पोहोचला पुढच्या जूनमध्ये, नेटफ्लिक्सच्या वाटेने. आम्ही खोलीतले दिवे मालवून बसलो. मंडळी शेजारी गवार निवडत होत्या, आणि दिवा मालवल्याबद्दल त्यांची तक्रार होती.

कथा १९४५ साली सुरू होते. शिकिशिमा हा आत्मघातकी विमानदळातला तरुण वैमानिक. विमान बिघडल्याचे निमित्त करून तो एका बेटावर उतरतो. बिघाड काहीच नाही, हे तिथला यंत्रज्ञ तात्काळ ओळखतो. त्याच रात्री गॉडझिला येतो. विमानाची तोफ शिकिशिमाच्या हाताशी असते, पण त्याच्याने चाप ओढवत नाही. सकाळी तो यंत्रज्ञ आणि शिकिशिमा एवढे दोघेच उरतात. तोकिओला परत यावे तो घर जळालेले, आईबाप गेलेले; आणि शेजारीण सुमिको, जिची मुले बॉम्बहल्ल्यात गेली, ती त्याच्या तोंडावर म्हणते की, तुमच्यासारख्यांनी आपले काम केले असते तर ही वेळ आली नसती.

इथे गवार थांबली.

पुढे नोरिको नावाची एक मुलगी कोणाचे तरी अनाथ तान्हे मूल घेऊन त्याच्या घरात शिरते. मूल उपाशी असते. ती जहाल सुमिको बडबडत घरी जाते आणि जपून ठेवलेला पांढरा तांदूळ त्या पोराच्या पेजेसाठी आणून देते. मंडळींनी एवढेच म्हटले, 'बाई चांगली आहे हो.' आम्ही गप्प. वाद अर्धा जिंकल्याचे आमच्या ध्यानात आले होते, पण असल्या वेळी बोलू नये एवढे शहाणपण तीस वर्षांत आले आहे.

गॉडझिला अर्थातच परत येतो. १९४६ च्या बिकिनीच्या अणुस्फोटांनी तो आता कितीतरी मोठा आणि भयंकर झालेला आहे. सुरुंग काढणाऱ्या लाकडी होडीमागे त्याचे डोके पाण्यातून पुढे सरकत येते तो प्रसंग, आणि गिन्झात तो शिरतो तेव्हाचे अकिरा इफुकुबे यांचे ते सत्तर वर्षांपूर्वीचे संगीत! ते सूर लागले आणि आमच्या अंगावर काटा उभा राहिला. त्याच्या किरणाने सारा भाग उडतो, मग काळा पाऊस पडतो. ती राख परत आली होती.

सरकार आणि अमेरिकन फौज हात झटकतात तेव्हा नौदलातली जुनी माणसे आपण होऊन जमतात. त्यांना नोदा हा शास्त्रज्ञ जे सांगतो, ते या चित्रपटाचे काळीज आहे. या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला, चिलखत नसलेले रणगाडे दिले, शिपाई उपाशी मारले, विमानातून बाहेर पडण्याची सोयसुद्धा ठेवली नाही. या वेळी एकही माणूस न गमावता परत येऊ, असे तो म्हणतो. हे ऐकताना आम्हाला आपली मराठी आठवली. वीरगती, आत्माहुती, हौतात्म्य, धारातीर्थी पडणे. मरणासाठी आपल्यापाशी केवढे भरजरी शब्द आहेत! जो जिवंत परत आला त्याच्यासाठी काय आहे? 'वाचला बिचारा.' फार तर 'पळपुटा.'

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. शिकिशिमा शेवटी 'शिंदेन' या विमानातून निघतो. ते दुरुस्त करण्यासाठी त्याने शोधून आणलेला माणूस म्हणजे बेटावरचा तोच यंत्रज्ञ, ज्याचे सारे सोबती याच्यामुळे मेले. शिकिशिमाला स्फोटकांसकट राक्षसाच्या तोंडात जाऊन मरावयाचे आहे. यंत्रज्ञाने विमानात स्फोटके तर बसविलीच, पण बाहेर फेकणारे आसनही बसविले आहे. ती कळ दाखवून तो सांगतो, तू जग. मेलेल्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला हे सांगण्याचा अधिकारच नव्हता.

सारेच गोड आहे असे नाही. रडारड अंमळ जास्त आहे. शेवटी दिग्दर्शकाने योगायोगाला जरा जास्तच राबविले आहे. आणि जपानने दुसऱ्या देशांचे काय केले याचा चित्रपटात अवाक्षरानेही उच्चार नाही. आपल्याच माणसांचे जीव स्वस्त केले एवढीच कबुली आहे. हे आम्हाला खटकले.

मात्र ताकाशी यामाझाकी यांची कमाल आहे. लेखक ते, दिग्दर्शक ते आणि दृश्यचमत्कारांचे प्रमुखही तेच. पस्तीस कलावंतांनी मिळून ६१० चमत्कारदृश्ये केली. मार्च २०२४ मध्ये त्यांना त्याबद्दल ऑस्कर मिळाले, तेव्हा ही मंडळी हातात गॉडझिलाच्या बाहुल्या घेऊन व्यासपीठावर गेली. त्याच रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'ओपनहायमर'. बॉम्बच्या बापाचा आणि बॉम्बच्या लेकाचा सत्कार एकाच मांडवात झाला!

चित्रपट संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आम्ही दिवा लावला. मंडळींच्या मांडीवर गवार तशीच होती. आम्ही विजयी मुद्रेने विचारले, 'काय, सरडा कसा वाटला?'

'सरडा तो सरडाच,' मंडळींनी डोळे पुसत म्हटले. 'उद्या पुन्हा लावा. मोडतोड जाऊ द्या, ते तांदळाचे तेवढे दाखवा.'